सातपाण्याच्या नावाड्याचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुना सातवा भाग आहे. हसू नका. जगात पहिल्या भागाला मान असतो, कारण त्याच्यापासून सुरुवात होते. सातव्याला मान नसतो, त्याच्याकडून नुसती अपेक्षा असते. माझ्या आधी सहा भावंडं झाली, सहाही नावाजली गेली, आणि मग नऊ वर्षं सगळे माझ्या नावानं खडे फोडत बसले की हा जन्माला का येत नाही! जन्मलो, तेव्हा जे झालं ते तुम्हाला सांगायला बसलो आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो. गोड हवी असेल तर वरच्या फळीवर पुष्कळ पुस्तकं आहेत.

मी पाचोऱ्याच्या वाचनालयात खालच्या फळीवर असतो. आमच्या मालिकेचं नाव 'सातपाण्याचा नावाडी'. सोनजी नावाचा एक नावाडी असतो. त्याच्या गावाजवळ नदीखाली एकाखाली एक अशी सात पाणी असतात आणि प्रत्येक पाणी ओलांडताना काहीतरी देऊन जावं लागतं. पहिलं पाणी सावली मागतं, दुसरं आवाज मागतं, असं करत करत सहाव्या भागाच्या शेवटी सोनजी सातव्या पाण्यात होडी घालतो आणि वर घाटावर त्याची म्हातारी आई होडीची दोरी खुंटीला बांधून वाट बघत बसते. एवढं लिहून आमचे लेखक जे गप्प बसले, ते नऊ वर्षं.

आता वाचकांचं सांगतो. तुम्हाला वाटेल अशा जादूच्या गोष्टी पोरं वाचत असतील. पोरं वाचत होतीच, पण आमचे सगळ्यात मोठे भक्त होते आधारआबा. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून आयुष्य गेलं. पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी जाते, तिच्या रुळांचे सांधे बदलण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर पेपर वाचायला वाचनालयात आले आणि ग्रंथपाल रुपचंदभाऊंनी चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, पहिला भाग त्यांच्या हातात दिला. साठी उलटलेला माणूस तीन दिवस जेवायचं विसरला. पुढे सहाही भाग त्यांनी इतक्या वेळा नेले की रुपचंदभाऊ म्हणायचे, "आबा, आता तुम्हीच ठेवा बुवा ही, मी तुमच्याकडून उसनी नेत जाईन."

आबांना कोणी नव्हतं. बायको द्रौपदाबाई केव्हाच गेली होती. छगन नावाचा एकुलता एक मुलगा बापाशी भांडून सुरतेला गेला, गिरणीत लागला असं कळलं, आणि पुढे बारा वर्षांत त्याची चिठ्ठी नाही की चपाटी नाही. गल्लीतली माणसं चांगली होती. जो भेटेल तो म्हणायचा, "येईल हो आबा, एक दिवस येईल." आबा मान हलवून पुढे जायचे. त्यांना ते शब्द चिडवल्यासारखे लागायचे.

आमच्या वाचनालयाची एक खोड होती. पुस्तकाच्या शेवटी जे कोरं पान असतं, त्यावर वाचक पेन्सिलीनं आपलं मत लिहीत. रुपचंदभाऊ ओरडायचे, पण खोडत नसत. सहाव्या भागाच्या कोऱ्या पानावर आबांनी लिहिलं होतं, 'नावाडी येणार नाही. आला तर हे पुस्तक खोटं. खोटा धीर देणारी माणसं मला पुष्कळ आहेत.' खाली सही, आधार. त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, 'आबा, पैज लावता का?' सगळ्यांनी आबांचं लिहिणं वादातलं वाक्य समजून वाचलं. तो एका बापाचा हंबरडा होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वाद कसला, तर सिनेमाचा. आमच्यावर हिंदीत दोन सिनेमे निघाले. पहिला एकोणीसशे सत्त्याऐंशीला आला, तेव्हा वाचनालय अख्खंच्या अख्खं टॉकीजला गेलं आणि परत आलं ते दोन पक्षांत फुटून आलं. एका बाजूला पुस्तकवाले, त्यांचे पुढारी आबा. दुसऱ्या बाजूला सिनेमावाले, त्यांचा पुढारी बन्सीलाल टेलर. बन्सीलाल चाळिशीचा, तोंडाचा फटकळ आणि मनाचा साफ. सिनेमात सोनजीला लाल मखमली बंडी होती. बन्सीलालनं तसल्या बंड्या शिवून निम्म्या पाचोऱ्याच्या अंगावर चढवल्या.

"पुस्तकमा गोणपाटनी बंडी शे," आबा म्हणायचे. ते बोलायचे आपल्या खान्देशीत, वाचायचे मात्र शुद्ध मराठी.

"गोणपाट घालून हिरो दिसेल का भो आबा? तुमच्या पुस्तकात महालाचं वर्णन चार पानं चालतं, माणूस झोपून जातो. सिनेमात पडदा उघडला की महाल समोर!"

"तो महाल थर्माकोलना शे. मन्हा डोकामा जे सातपाणी व्हतं, ते त्यासनी थर्माकोलनी भरी टाकं."

दर रविवारी दहा वाजता पेपरच्या टेबलाभोवती हे चालायचं. चहा यायचा, आवाज चढायचे, रुपचंदभाऊ 'शांतता राखा'च्या पाटीवर पट्टी आपटायचे. मजा होती हो! भावंडं मला ते सांगत, तेव्हा मला हेवा वाटायचा.

खरा घोळ दुसऱ्या सिनेमानं घातला. तो आला नव्वद साली, आणि मी तर अजून लेखकाच्या डोक्यातच. मग सिनेमावाल्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःच शेवट करून टाकला. बारशाआधीच मुंज! धुक्यातून वल्ह्याचा आवाज येतो, होडी येते, सोनजी उडी मारून आईच्या गळ्यात पडतो, गाणं, खेळ खल्लास. टॉकीजमध्ये लोक खुर्च्यांवर उभे राहिले म्हणे. बन्सीलालनं तो सिनेमा सात वेळा पाहिला आणि सातही वेळा रडला.

"आता बोला आबा! आला की नाही नावाडी?"

"सिनेमामा उना. पुस्तकमा येवाव नही. लेखकनी पहिलाच भागमा सांगेल शे, सातवा पाणीनी वाट एकच बाजूनी."

"अहो, नियम मोडतो म्हणून तर तो हिरो."

यावर आबांनी जे उत्तर दिलं, ते आमच्या वाचनालयात म्हण होऊन बसलं. ते म्हणाले, "सिगनल तांबडा शे म्हंजे तांबडा शे. लोकेसले घाई शे म्हनीसन तो हिरवा व्हत नही."

दोन वर्षं हा वाद पेटत राहिला. मी येईन तेव्हा निकाल लागेल, असं ठरलं. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट, पण आबांचं सगळं आयुष्य आता त्या एका प्रश्नाला टांगलं होतं. जो गेला तो येत नाही, असं कोणीतरी त्यांना तोंडावर, सरळ सांगायला हवं होतं. गल्ली सांगत नव्हती, सिनेमा सांगत नव्हता. आमच्या लेखकांवर त्यांची भिस्त होती. आणि त्यात त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला आहे, जेवढं दिसतंय तेवढं थोडे दिवस दिसेल. आबांना पाइपातून बघावं तसं मधलं तेवढंच दिसायचं. ते रोज रुपचंदभाऊंना विचारायचे, "सातवा कधी येस?"

मी आलो ब्याण्णवच्या श्रावणात. पुण्याहून पार्सलनं, कोऱ्या कागदाच्या वासासकट. वाचनालयात नुसती झुंबड! पहिला नंबर कोणाचा, यावर एरवी डोकी फुटली असती. पण बन्सीलाल उभा राहून म्हणाला, "पहिला नंबर आबांचा. डोळे आहेत तोवर त्यांना वाचू द्या, आपल्याला काय, जन्म पडलाय." एकानंही तोंड वाकडं केलं नाही. त्या माणसांना मी पुढे खूप शिव्या दिल्या मनातल्या मनात, पण ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता ऐका, घोडं कुठं पेंड खात होतं. आमच्या वाचनालयाचा नियम असा, की नवं पुस्तक आधी बाइंडरकडे जाणार. पक्की शिलाई, जाड पुठ्ठा, मग दाखल क्रमांक, मग शिक्का, मग वाचक. रुपचंदभाऊ म्हणाले, "हा शंभर हातांत जाणार, कच्चा दिला तर महिन्यात पानं गळतील." त्यांचं काही चुकलं नाही हो, खरंच नाही. मला हनीफचाचांच्या दुकानात नेलं. त्यांनी माझे फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, सुटे केले, दोऱ्यानं शिवायला घेतले. श्रावणातली दमट हवा, खळ वाळता वाळेना. मी बावीस दिवस त्या शिकंज्यात दाबून पडलो होतो.

आबा रोज यायचे. दारातून विचारायचे, "व्हयनं का, हनीफभाऊ?"

"अजून ओलं आहे, आबा."

हनीफचाचांची मुलगी शहजादी तिथंच बसून फर्मे शिवायची. एकोणीस-वीस वर्षांची, मराठी शाळेत शिकलेली, आमच्या मालिकेची वेडी. शिवता शिवता तिनं मला सुट्या पानांवर वाचून काढलं होतं. ती म्हणाली, "आबा, बसा ना इथं. सुटी पानं आहेत, वाचून घ्या. मी कोणाला सांगत नाही."

आबांनी हात पुढे केला. मित्रांनो, तो हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मग त्यांनी तो मागे घेतला. "नही बेटा. शिक्का बसू दे. नियम तो नियम." आणि निघून गेले. चाळीस वर्षं सिगनल पाळलेला माणूस तो. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, अहो आबा, मोडा तो नियम एकदाच! पण पुस्तकानं ओरडायचं कसं?

तेविसाव्या दिवशी माझ्यावर शिक्का बसला आणि रुपचंदभाऊ स्वतः मला आबांच्या घरी घेऊन गेले. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला घेतलं, उघडलं, डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग शांतपणे मिटलं. "दोन दिन व्हयनात," ते म्हणाले. "पाइप बुजी गया."

रुपचंदभाऊ तिथंच खाली बसले आणि डोक्याला हात लावून रडले. तेलही गेलं, तूपही गेलं, असं झालं होतं. मी पक्का बांधलेला, देखणा, सोन्याच्या अक्षरांचा कणा असलेला असा त्या माणसाच्या मांडीवर पडलो होतो आणि माझा काडीचा उपयोग नव्हता.

मग ठरलं, की कोणीतरी वाचून दाखवायचं. आबांनी शहजादीचं नाव घेतलं, कारण तिचा आवाज स्वच्छ होता आणि ती वादात कोणाच्याच पक्षात नव्हती. ती रोज दुपारी यायची, ओट्यावर बसायची, दोन तास वाचायची. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे कबूल करतो. आबा मांडी घालून, मान किंचित वाकडी करून ऐकायचे. आवडलेल्या वाक्याला "परत वाच" म्हणायचे. महालाचं वर्णन आलं तेव्हा हसून म्हणाले, "बन्सी झोपी जाई आठे."

चौथ्या दिवशी शेवटची दहा पानं उरली. शहजादीला ती पानं ठाऊक होती. काय आहे त्यांत, ते आता तुम्हाला सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. सोनजी येत नाही. आई सात पावसाळे घाटावर बसते. मग एका सकाळी ती उठते, खुंटीची दोरी सोडते, नीट गुंडाळते, काखोटीला मारते आणि घरी जाऊन भाकरी टाकते. शेवटचं वाक्य आहे, 'त्या दिवशी तिनं पोटभर खाल्लं.' बस. आमच्या लेखकांना नऊ वर्षं लागली ती या एका वाक्यासाठी, असं मला वाटतं. आणि आबांना हेच वाक्य हवं होतं. ती दोरी सोडायची परवानगी त्यांना हवी होती.

शहजादी थांबली. तिचा अंगठा माझ्या कडेला घट्ट दाबलेला होता.

"थांबनी काबरं?"

तिनं आबांकडे पाहिलं. आंधळा म्हातारा, रिकामं घर, भिंतीवर छगनचा शाळेतला फोटो. आणि तिच्या मनात आलं, याला हे कसं वाचून दाखवू? कोवळी पोर ती. दया आली तिला. दयेसारखी आंधळी गोष्ट दुसरी नाही, मी सांगतो. तिनं पान उलटलं आणि वाचू लागली, "आणि मग धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला..."

ते माझ्यात नव्हतं! एक अक्षर नव्हतं! ती सिनेमातलं सांगत होती, माझ्या पानांवर नजर ठेवून, ठरावीक वेळानं पान उलटत, अगदी माझ्यात छापल्यासारखं. होडी आली. सोनजीनं उडी मारली. आईनं त्याला पोटाशी धरलं. 

वाचून झालं. आबांनी तोंड शहजादीकडे वळवलं. मग म्हणाले, "असंच लिखेल शे?"

"हो आबा. असंच आहे."

"तो उना?"

"आला, आबा."

आबांनी मला मागून घेतलं, शेवटच्या पानावरून पंजा फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शहजादीला वाटलं, आनंदाचं आहे. घरी जाऊन तिनं आई हसीनाबीला सांगितलं, "अम्मी, आबा किती खूश झाले!" मी त्या रात्री आबांच्या घरीच होतो, म्हणून मला माहीत आहे. तो माणूस भिंतीशी तोंड करून पडला होता आणि माझ्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होता, "तू पन? तू पन?"

रविवारी आबा काठी टेकत वाचनालयात आले. शहजादी मला परत करायला सोबत आली होती. टेबलाभोवती दोन्ही पक्ष जमले होते. आबांनी हात वर केला. 

"मी हारनू," ते म्हणाले. "नावाडी येस. पुस्तकमा पन येस. बन्सी खरा, मी खोटा."

मग काय विचारता! बन्सीलालनं आबांना मिठी मारली, पेढे मागवले, "मी म्हणत नव्हतो का भो!" म्हणून टेबलावर थाप मारली. त्याच टेबलावर मी होतो. हातभर अंतरावर. एकानं, फक्त एकानं माझं शेवटचं पान उघडून पाहिलं असतं तर! पण नंबर लागल्याशिवाय शेवट बघायचा नाही, ही त्यांची आपसातली शपथ होती. मोठे इमानी भक्त! शहजादी दाराशी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता समजलं होतं, पण तोंड उघडावं तर आबांसमोर, सगळ्यांसमोर खोटी ठरणार. ती घाबरली आणि निघून गेली.

रुपचंदभाऊंनी नोंद केली आणि मी दुसऱ्या नंबराकडे, बन्सीलालकडे गेलो. त्याला वाचायला नऊ दिवस लागले, कारण गणपतीची शिलाई होती आणि महालाच्या वर्णनात तो खरंच झोपला. या नऊ दिवसांत आबा वाचनालयात फिरकले नाहीत. गल्लीत कोणी सवयीनं म्हणालं, "छगन येईल हो आबा," तर ते म्हणायला लागले, "येई, येई." बारा वर्षांत हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. लोकांना वाटलं, म्हातारा सावरला.

नवव्या दिवशी बन्सीलाल माझ्या शेवटच्या पानाशी पोचला. त्यानं ते दोनदा वाचलं. शिलाई मशीन तशीच टाकून, गळ्यात टेप लोंबकळत, मला छातीशी धरून तो आबांच्या घराकडे पळत सुटला. वाटेत रुपचंदभाऊंना ओढलं, शहजादीला हाक मारली.

"आबा! तुम्ही जिंकले, आबा! नावाडी येत नाही! मीच खोटा पडलो!" आणि धापा टाकत त्यानं ओट्यावरच शेवटची दहा पानं वाचून काढली. अक्षर न् अक्षर. हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी तेव्हाच पाहिला.

आबा ऐकत होते. संपल्यावर हसले. "बन्सी, तू भला माणूस शे. हारेल माणूसले जितनं पदरमा टाकी ऱ्हायना. पन माले लहान पोर समजू नको."

"अहो, देवाशपथ असंच लिहिलंय!"

मग शहजादी पुढे झाली. आबांच्या पायाशी बसली, हुंदके देत सगळं सांगितलं. मी बदललं, आबा. मी सिनेमातलं वाचलं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. मला माफ करा. आणि तिनं मला घेऊन ती दहा पानं पुन्हा वाचली, रडत रडत, खरी खरी. मग रुपचंदभाऊंनी वाचली. तिघांनी वाचली, तिन्ही वेळा तेच शब्द.

"आता तरी पटलं का आबा?" बन्सीलाल म्हणाला. "तिघं तीन वेळा, शब्दाला शब्द तोच!"

आबा म्हणाले, "शाळामा बठ्ठा पोरे एकच पाढा म्हनतस."

 आबांनी लेकीच्या डोक्यावर ठेवावा तसा शहजादीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको, आंडेर. तू माले समजाडाले खोटं वाचनी, असं तू म्हनस. मग आज पन तुमीन तिन्ही माले समजाडालेच उनात ना? तवय बी तुन्हा आवाज असाच स्वच्छ व्हता. आते कोन खरं वाची ऱ्हायनं, माले कसं समजी?"

त्यांनी मला मागून घेतलं. माझं शेवटचं पान उघडून मागितलं आणि त्यावरून बोट फिरवलं. एका ओळीवरून, मग दुसऱ्या. हळूहळू, टोकापर्यंत. मी जीव एकवटला हो. माझं एक अक्षर, फक्त एक अक्षर फुगून त्या बोटाला लागावं, एवढीच माझी इच्छा होती. पण छापील अक्षर सपाट असतं. बोटाला काही लागत नाही. आबांनी मला मिटलं आणि बन्सीलालच्या हातात दिलं. "चांगलं पुस्तक शे," म्हणाले. "लोकेसले आवडी."

आबा पुढे साडेतीन वर्षं जगले. ते वाचनालयात परत आले नाहीत. शहजादी लग्न होऊन धुळ्याला गेली, जाईपर्यंत रोज त्यांना भाकरी आणून द्यायची, आणि ते तिच्याशी प्रेमानं बोलायचे. पण "वाचू का आबा?" असं विचारलं, की म्हणायचे, "राहू दे, बेटा." बन्सीलालनं वाद सोडला. रविवारची बैठक मोडली. दोन्ही पक्ष इतके शरमले होते की कोणाला माझं नाव काढायची हिंमत होत नव्हती. माझ्या कोऱ्या पानावर आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नाही. एवढी वाट पाहून जन्मलेला मी, अठ्ठावीस वेळा घरी गेलो आणि मग खालच्या फळीवर येऊन पडलो तो पडलोच. माझा कणा अजून शाबूत आहे. हनीफचाचांची शिलाई पक्की होती.

आमच्या जातीची पुस्तकं शेवटी हात जोडून सांगतात, की मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका. मला त्याचं सोयरसुतक नाही. दुमडा, फाडा, माझ्यावर चहाचा कप ठेवा. पण ज्याला दिसत नाही त्याला वाचून दाखवाल, तेव्हा जे छापलंय तेच वाचा. दुःख असेल तर थांबा, पाणी प्या, आवाज फुटला तर फुटू द्या, पण त्याच्या वाटणीचा शब्द बदलू नका. कुठलं दुःख सोसेल आणि कुठलं नाही, हे तुम्ही ठरवू नका. तो एकदा फसला, की मग खऱ्याचाही त्याला आधार उरत नाही.

आबा खरे होते. दोन सिनेमे, अख्खं पाचोरा आणि एका पोरीची माया एकीकडे, आणि तो एकटा माणूस एकीकडे, तरी तोच खरा होता. हे त्याला पटेल अशा रीतीनं सांगू शकेल असा शेवटी जगात मी एकटाच उरलो होतो, मित्रांनो, आणि मला तोंड नाही.